रणभूमीचा प्रवासी

महाराष्ट्रातील माणसाला रणभूमीचे दर्शन काही नवे नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना पावनखिंडीत तो क्षणभर थांबतो. पानिपतास गेलाच, तर काला आंब येथील स्तंभापुढे हात जोडतो. पण ही युद्धे आता इतकी जुनी झाली आहेत, की त्यांतील दुःखाची धार काळाने बोथट करून टाकली आहे. ज्या युद्धात लढलेल्यांची मुले आणि नातवंडे आज हयात आहेत, त्या युद्धाच्या भूमीवर उभे राहिले म्हणजे मनाची अवस्था निराळी होते. तेथे काय पाहावे आणि कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यासाठी नॉर्मंडीला किंवा कसीनोला जाण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाची एक मोठी रणभूमी आपल्याच देशात, कोहिमा आणि इंफाळ या दोन नगरांच्या आसपास पसरलेली आहे.

१९४४ च्या मार्च महिन्यात सेनापती मुतागुची यांच्या हाताखालील जपानी सैन्य चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांत शिरले. इंफाळ घ्यावे, आणि कोहिमा जिंकून दिमापूरहून येणारा रस्ता तोडावा, असा त्यांचा बेत होता. उखरुलच्या बाजूला सांगशाक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने मार्चच्या अखेरच्या आठवड्यात शत्रूला काही दिवस रोखून धरले. त्या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. सांगशाक पडले, पण तेथे मिळालेल्या त्या थोड्या दिवसांचे मोल पुढे कोहिमाच्या आणि इंफाळच्या बचावात कळून आले.

दिमापूरहून घाट चढून कोहिमास पोहोचले, की गावाच्या मध्यावरच गॅरिसन हिल ही टेकडी लागते. एके काळी येथे ब्रिटिश उपायुक्तांचा बंगला होता आणि बंगल्यापुढे टेनिसचे मैदान होते. एप्रिल १९४४ मध्ये त्या मैदानाच्या एका कडेला जपानी आणि दुसऱ्या कडेला वेढ्यात सापडलेली शिबंदी, अशी लढाई दिवसेंदिवस चालली. जेथे चेंडू फेकायचे, तेथे हातबाँब फेकले गेले. त्या मैदानाच्या रेषा आज पांढऱ्या काँक्रीटने आखून ठेवल्या आहेत. त्या पाहताना वाटते, की मृत्यूने एवढी लहान जागा आपल्यासाठी क्वचितच निवडली असेल.

आता टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी दफनभूमी रचलेली आहे. १,४२० कबरी आहेत. हुद्द्यावरून कोणाची कबर लहान वा मोठी नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा नियम जगभर पाळला आहे. हिरवळ नीट कापलेली असते, फुले उमललेली असतात, आणि प्रवासी हळूहळू एकेक नाव वाचीत वर चढतो. बहुतेक नावे इंग्रज तरुणांची. मग साहजिकच मनात येते, की येथे आपले लोक कोठे आहेत?

ते वरच्या बाजूस आहेत. तेथे एक वेगळे स्मारक आहे आणि त्यावर ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे आहेत. त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांचे दहन झाले. म्हणून त्यांना कबर नाही, केवळ नाव आहे. कबरीपुढे पाऊल आपोआप थांबते. नावांच्या यादीपुढे मात्र ते मुद्दाम थांबवावे लागते. माझी विनंती एवढीच, की कोहिमास जाल तेव्हा तेथे थांबा आणि निदान दहा नावे मोठ्याने वाचा. ज्यांच्या घरच्यांना ही टेकडी कधी पाहता आली नाही, त्यांचे तेवढे तर्पण आपल्या हातून होऊ शकते.

इंफाळातही असेच आहे. तेथे भारतीय सैनिकांची दफनभूमी वेगळी आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले जमादार अब्दुल हाफिज तेथेच विसावले आहेत. शेजारच्या दहनस्मारकावर ८६८ नावे आहेत.

परंतु हे सारे पाहून परतणाऱ्याने रणभूमीचा एकच भाग पाहिला, असे मी म्हणेन. इंफाळहून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्याने पुढे मोइरांग लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी कर्नल शौकत मलिक यांनी तेथे आझाद हिंद फौजेचा तिरंगा फडकविला. ज्या फौजेचे एक प्रमुख सेनाधिकारी आपले जगन्नाथराव भोसले होते, त्या फौजेचे जवान जपान्यांच्या बाजूने याच डोंगरांत झुंजले आणि उपासमारीने व रोगाने मेले. म्हणजे एका बाजूला मराठा पलटण आणि दुसऱ्या बाजूला भोसल्यांची फौज! भारतीय माणसाने येथे मस्तक कोणापुढे नमवावे? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. दोन्ही ठिकाणी जावे, दोन्हीकडे तितकाच वेळ थांबावे. एकाला भाडोत्री आणि दुसऱ्याला फितूर म्हणणे दिवाणखान्यात बसून सोपे असते. त्या डोंगरांपुढे उभे राहिल्यावर ते शब्द ओठावर येत नाहीत.

मोइरांगच्या त्याच रस्त्यावर लाल टेकडीच्या पायथ्याशी जपानने १९९४ साली शांतिस्मारक उभारले आणि २०१९ मध्ये जवळच संग्रहालयही उघडले. या मोहिमेत जपान्यांचे पन्नास हजारांहून अधिक लोक हताहत झाले. पावसाळ्यात माघार घेताना वाटेवर किती पडले, त्याला हिशेब नाही.

आणखी एक पक्ष राहिला, आणि त्याने हे युद्ध मागितलेले नव्हते. कोहिमा गाव त्या लढाईत बेचिराख झाले. नागा स्त्रीपुरुषांनी ओझी वाहिली, जखमींना डोंगर उतरवून नेले, वाटा दाखविल्या. मणिपूरच्या खेड्यांवरून दोन सैन्ये गेली आणि आली. कोहिमाच्या दफनभूमीत ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनचे स्मारक म्हणून जी प्रचंड शिळा उभी आहे, ती नागांच्या शिळा उभारण्याच्या परंपरेला धरून आहे. म्हणून तेथे गेल्यावर गावातील वडीलधाऱ्या मंडळींशी दोन शब्द बोलल्यावाचून परतू नये. शिळेवर जे कोरलेले नाही, ते घराघरांतून ऐकावयास मिळते.

जाणाऱ्याने इनर लाइन परवाना आधी काढावा. मणिपुरात २०२३ पासून जी अशांतता उसळली, ती ध्यानात घेऊन तेथील परिस्थितीची चौकशी करूनच पुढचा बेत करावा.

श्रोतेहो, तीर्थयात्रेत आपण देवाला काही मागतो. रणभूमीत मागण्यासारखे काही नसते. तेथे फक्त मोजायचे असते. ज्यांची कबर आहे ते, ज्यांचे केवळ नाव आहे ते, आणि ज्यांचे नावही कोणी लिहून ठेवलेले नाही ते. ही तिसरी मोजणी कधीच पुरी होत नाही. पण ती मनात सुरू झाली, म्हणजे प्रवास कारणी लागला असे खुशाल समजावे.