रोजची मोटार आणि रानवाट : फेरफारांचा जमाखर्च



ज्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास आणि अर्थकारण या विषयांवरील व्याख्याने वर्षानुवर्षे होत आली, त्याच व्यासपीठावरून मोटारीचे टायर आणि स्प्रिंगा यांविषयी बोलण्यास उभे राहताना मनास थोडा संकोच वाटतो. परंतु चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी मोटार आज मध्यमवर्गीयाच्या दारात येऊन उभी राहिली आहे, आणि ती दारात येताच तिच्यात काय काय बदलावे याचे अनाहूत सल्ले चहूकडून सुरू होतात. तेव्हा या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अस्थानी ठरू नये. मी बोलणार आहे ते सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कचेरीत नेणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या, वृद्ध आईला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या आणि रविवारी मात्र मुळशी-ताम्हिणीकडच्या चिखलवाटेवर उतरणाऱ्या गाडीविषयी. ज्याच्याजवळ केवळ रानासाठी राखलेली दुसरी गाडी आहे त्याने हवे ते करावे. त्याचा हिशेब निराळा.

या गाडीचे कूळ आपल्यास अपरिचित नाही. 1940 साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. 1945 साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या पेढीतील मोहम्मद, म्हणजे गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि 1948 पासून ती पेढी ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या पेढीने विलिस जीपची जुळणी मुंबईत आरंभिली, तेव्हापासून आपल्या खेड्यांत जीप म्हणजे सरकार असे समीकरण दृढ झाले. मामलेदारसाहेबांचा दौरा, निवडणुकीचा प्रचार, दुष्काळी कामांची पाहणी, ही सारी कामे त्या गाडीने जेमतेम सहा इंच रुंदीच्या टायरांवर आणि साठ अश्वशक्तीच्या बळावर केली. पुढच्या काळात तिच्याच वंशातील गाड्या ‘वडाप’ बनल्या आणि आसनांची फळी मागे लांबवून, टपावर माणसे बसवून त्यांच्यात जे फेरफार झाले, ते पाहून मूळच्या अभियंत्यांनी हात जोडले असते! तेव्हा गाडीत बदल करण्याची हौस आजच्या तरुण पिढीने शोधून काढली, असा समज कोणी करून घेऊ नये.

उदाहरणादाखल आपण नाशकात तयार होणारी ‘थार’ घेऊ. 2020 साली आलेल्या तिच्या नव्या आवृत्तीचा तळ जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच असून 650 मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे निर्माते सांगतात. चढणीसाठी तिला लो रेंजचा निराळा गियर आहे. हे आकडे कागदावर वाचून आपल्यास त्यांचे महत्त्व पटत नाही, कारण शेजारच्या गृहस्थाची गाडी दोन इंच अधिक उंच दिसत असते. परंतु आपल्या सह्याद्रीतील ज्या वाटांवर सामान्य माणूस जातो, त्यांवर मूळ स्वरूपातील गाडी उंचीअभावी क्वचितच अडते. ती अडते ती चाकाखालील पकड सुटल्यामुळे, किंवा चालकाने लो रेंज लावण्याआधी वेगाच्या जोरावर चढण मारण्याचा प्रयत्न केल्यामुळे. सबब पहिला बदल चालकात व्हावा. हे विधान रुचणारे नाही, कारण तो बदल कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

दुसरा बदल टायरातील हवेचा, आणि त्यास जवळजवळ काहीच खर्च नाही. डांबरी रस्त्यावर तीस-बत्तीस पाउंड हवा असलेल्या टायरात ती अठरा-वीसपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीस टेकलेला पट्टा मुख्यतः लांबीने वाढतो, रबर दगडाच्या उंचसखलपणाला बिलगते, आणि जेथे मघाशी चाक जागीच गरगरत होते तेथून गाडी निमूटपणे पुढे सरकते. मात्र अशा अवस्थेत वेग अत्यंत कमी ठेवला पाहिजे व वळण हळू घेतले पाहिजे, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. आणि डांबरी सडक लागताच हवा पूर्ववत भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. तेव्हा हवा मोजण्याचे यंत्र आणि बॅटरीवर चालणारा लहानसा हवापंप या दोन वस्तू खरेदीच्या यादीत सर्वांत वर असाव्यात. त्या दिसत नाहीत, हाच काय तो त्यांचा दोष!

टायर बदलावयाचा झाल्यास त्याच्या जातीचा विचार आधी आणि आकाराचा नंतर करावा. खोल व विरळ खाचांचा ‘मड टेरेन’ टायर चिखल झटकून टाकतो, आणि मावळातील भाताच्या खाचरांजवळच्या गाऱ्यात किंवा देशावरच्या काळ्या रेगडीत त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण तोच टायर पावसाळ्यात द्रुतगती महामार्गावर गुणगुणतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला असता साध्या टायरापेक्षा अधिक अंतर घेऊन थांबतो. रोजच्या गाडीचा नव्वद टक्के प्रवास जर डांबरावर होत असेल, तर ‘ऑल टेरेन’ हा मधला टायरच शहाणपणाचा. या मताविरुद्ध अनेक उत्साही मित्रांनी माझ्याशी वाद घातला आहे, पण तो सहसा उन्हाळ्यात घातला आहे.

आकाराविषयी थोडे गणित करू. 255/65 आर 18 या मापाच्या टायरची एकूण उंची सुमारे 789 मिलिमीटर भरते. त्याऐवजी 255/70 आर 18 बसवला तर ती 814 होते. म्हणजे उंची पंचवीस मिलिमीटरांनी वाढली, पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे गाडीचा तळ उचलला गेला तो केवळ तेरा मिलिमीटर, अर्धा इंच. या अर्ध्या इंचाची किंमत अशी की वेगदर्शकावर शंभर दिसत असता गाडी प्रत्यक्षात एकशेतीनने धावते, प्रत्येक गियर तितकाच जड होतो, ब्रेकला मोठ्या त्रिज्येचे चाक रोखावे लागते, आणि चाक पूर्ण वळवले असता ते आतील अस्तराला घासू लागले की गॅरेजवाला तुम्हांला पुढचा सल्ला देतो : आता गाडी उचलून घ्या.

येथे आपण मूळ मोहाच्या जागी येतो. लिफ्ट किट, म्हणजे लांब स्प्रिंगा आणि त्यांस जुळणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर घालून गाडीचा सांगाडा दोन-तीन इंच वर घेणे, हा बदल सर्वांत अधिक दृष्टीस पडतो व म्हणूनच सर्वांत आधी केला जातो. परंतु उचलले काय जाते, याचा विचार करावा. थारचा मागील आस अखंड आहे, व तो स्प्रिंगांच्या खाली, चाकांबरोबर असतो. त्यामुळे स्प्रिंग कितीही लांब केली तरी त्या आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, जो वाटेतील दगडावर सर्वांत आधी आदळतो, तो तसूभरही वर येत नाही. पुढील चाके स्वतंत्र आहेत, तेथील डिफरन्शियल सांगाड्यास जडलेले असल्याने वर येते खरे, पण त्यातून चाकांकडे जाणारे दांडे तिरके होतात, त्यांच्या टोकाचे सांधे कायम वाकलेल्या अवस्थेत फिरू लागतात, रबरी आवरणे फाटतात आणि सुकाणूची सरळ राहण्याची प्रवृत्ती बिघडते. गाडीचे पोट, पायदाणे, पुढचा-मागचा कोन यांस लाभ होतो, हे मी नाकारीत नाही. मोठ्या शिळांवरून उतरणाऱ्यास तो हवाच असतो. पण दोन चाकांमधील रुंदी तीच राहून गुरुत्वमध्य वर गेला की गाडी उलटण्याची प्रवृत्ती वाढते. ही वाढ रानात पंधरा किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्यास जाणवत नाही. ती जाणवते खंबाटकीच्या उतारावर, जेव्हा आडव्या आलेल्या दुचाकीस चुकवण्यासाठी चक्र एकाएकी फिरवावे लागते. लाभ रविवारचा आणि किंमत मात्र आठवडाभराची, असा हा व्यवहार आहे, आणि ती किंमत कित्येकदा त्या दुचाकीवाल्यास चुकवावी लागते. माझे मत विचाराल तर पोटाखाली पोलादी संरक्षक पत्रा आणि दोन्ही बाजूंस मजबूत रॉक स्लायडर बसवून, मूळच्या उंचीनेच गाडी हळू चालवावी. पत्रा घासल्याचा आवाज सहन करण्यास शिकले म्हणजे पुष्कळ पैसे वाचतात.

रुतलेली गाडी बाहेर काढण्याच्या साधनांविषयी दोनच शब्द, पण ते जिवाशी निगडित आहेत. ताणून झटका देणाऱ्या कायनेटिक दोरात प्रचंड शक्ती साठते, म्हणून तो सांगाड्यास पक्क्या बसवलेल्या कडीतच अडकवावा. ट्रेलर ओढण्यासाठीच्या गोळ्यास तो कधीही लावू नये, कारण तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो व त्याने माणसे दगावली आहेत. दोर ताणलेला असता बघ्यांना दूर करावे. विंच ही उत्तम वस्तू आहे, पण तिचे वजन पुढच्या स्प्रिंगांवर रोजच राहते. दोन गाड्यांनी मिळून जाण्याचा शिरस्ता पाळला, तर बहुतेकांस तिची गरज पडत नाही.

स्नॉर्कलने हवा वरून घेतली जाते, त्यामुळे इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका कमी होतो, पण आसांत व विजेच्या जोडण्यांत शिरणारे पाणी त्याने थांबत नाही आणि ओढ्याचा लोंढाही थांबत नाही. टपावरील कॅरियर रिकामा असला तरी वारा अडवून डिझेल खातो. जादा दिव्यांबद्दल समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकास विचारावे.

आता कायद्याकडे वळू, कारण ही बाब पुष्कळजण दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावर सोडून देतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. आणि 2019 च्या जानेवारीत केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा नेमली. गाडीपुढे लावण्याचे लोखंडी बुल बार तर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरातच बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले होते. पादचाऱ्यास त्यांनी होणारी इजा भयंकर असते, आणि टक्करीचा आघात चुकीच्या मार्गाने सांगाड्यात गेल्यास एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. फेरफार करण्यापूर्वी आरटीओच्या दप्तरी चौकशी करावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. अपघातानंतर कैफियत देत बसण्यापेक्षा हा उपद्व्याप पुष्कळ स्वस्त पडतो.

शेवटी ज्या भूमीवर ही चाके फिरतात तिच्याविषयी. आपल्या घाटमाथ्यावरील जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो, आणि पावसाळ्यात त्याच थरातून ती नाजूक फुले उगवतात, ज्यांसाठी कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ओल्या सड्यावरून मड टायरची गाडी एकदा गेली की चाकोरीतील थर खरवडला जातो, त्या चाकोरीतून पाणी वाहू लागते आणि उरलेली मातीही धुऊन नेते. वनखात्याच्या हद्दीत आणि अभयारण्यात परवान्याशिवाय गाडी घालणे हा गुन्हा आहेच. परंतु जेथे कोणी अडवणारा नाही तेथेही, येत्या पावसाळ्यात आपल्यापैकी जे जातील त्यांना माझी विनंती आहे की बैलगाडीची जुनी वाट जेथवर आहे तेथवरच गाडी न्यावी, पेरलेल्या शेताच्या बांधावर चाक चढवू नये, आणि वाट संपली म्हणजे गाडी बाजूस लावून पुढे पायी जावे.