साध्या पाण्यातली पट्टी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावून सांगितलंय, "तू इंजिनिअर आहेस, काहीतरी माहितीचं बोल, पण पंधरा मिनिटांत आटप. त्यानंतर जेवण आहे." वांग्याच्या भाजीचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी वेळ पाळणार, काळजी नको.

माझा विषय रंगांचा आहे. हळदीचा पिवळा, जांभळाचा जांभळा, कांद्याच्या टरफलाचा तांबूस, पळसाच्या फुलांचा केशरी. या रंगांत विषाणूवरचं औषध आहे का? कोरोनात हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन गेला. माझ्या घरात तो जरा जास्तच आत आला, म्हणून हा विषय निवडला.

आधी शाळेची एक आठवण. आठवीत आम्ल आणि आम्लारी शिकवायचं होतं आणि प्रयोगशाळेतला लिटमस संपला होता. सरांनी आमच्यापैकी एकीला घरून हळद आणायला सांगितली. टिपकागदाला ती पाण्यात कालवून लावली, कागद उन्हात वाळवला आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. एक पट्टी चुन्याच्या निवळीत बुडवली, ती लालभडक झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "थांबा. अजून काही सिद्ध झालं नाही." मग दुसरी पट्टी त्यांनी साध्या पाण्यात बुडवली. ती पिवळीच राहिली. "आता म्हणा, की चुन्यामुळे लाल झाली. नुसती ओली झाली म्हणून नव्हे." सर आज समोर बसले आहेत. सर, ती साध्या पाण्यातली पट्टी मी पुढे विसरले. त्याचीच ही गोष्ट आहे.

शेगावला इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीसाठी पुण्याला गेले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून काम चालू होतं. त्याआधी फेब्रुवारीतच चीनमधल्या शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना सगळ्या जगासाठी खुली केली होती. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला हे प्रथिन लागतं, आणि त्यात एक खाच असते. त्या खाचेत बसेल असा रेणू सापडला, तर विषाणूचं काम अडेल. कुलपात चुकीची किल्ली अडकवून ठेवावी तसं.

कोणता रेणू त्या खाचेत किती घट्ट बसेल, याचा अंदाज करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला डॉकिंग म्हणतात. मी ते उतरवून घेतलं. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेरसेटिन, जांभळातलं अँथोसायनिन असे रंग देणारे आणि त्यांच्या कुळातले रेणू एकेक करून त्या खाचेत बसवून पाहिले. प्रत्येकाला एक उणे आकडा मिळतो. तो जितका खाली, तितकी पकड चांगली. कर्क्युमिनचा उणे सातच्या आसपास आला. मला फार आनंद झाला. आमच्या खामगावकडची हळद आणि माझा लॅपटॉप! त्या काळात जगभरात असले शेकडो लेख निघत होते, मी एकटी नव्हते.

त्या रात्री मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं : "मी स्वतः कॉम्प्युटरवर तपासलंय. हळद कोरोनाच्या विषाणूला चिकटते." खाली रंगीत चित्रही टाकलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले, काहींनी पुढेही पाठवलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट महाराष्ट्रात आधी आपल्या विदर्भात आली. अमरावती, अकोला, बुलढाणा. माझ्या वडिलांना ताप आला. आई फोनवर सांगायची, "थोडा खोकला आहे, काढा चालू आहे." हळद, मिरी, आलं, गूळ, दिवसातून चार वेळा. पाचव्या दिवशी धाकट्या भावाने जबरदस्तीने त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा ऑक्सिजन ८६ होता. अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. डॉक्टर एवढंच म्हणाले, "चार दिवस आधी यायला हवं होतं."

ते बरे झाले. आज घरी आहेत. पण दवाखान्यातून परतल्यावर मी त्यांना जरा चिडूनच विचारलं, "आबा, इतके दिवस का थांबलात?" ते शांतपणे म्हणाले, "तूच त पाठोलं होतं मले. कॉम्प्युटरवर तपासलं म्हनून."

मला बोलता आलं नाही.

त्यानंतर मी तीच फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी सरांची पट्टी पाण्यात बुडवली. म्हणजे ज्यांचा कोरोनाशी काही संबंध नाही, असे रेणू त्याच खाचेत बसवून पाहिले. बऱ्याच जणांना तसाच चांगला आकडा मिळाला. रेणू मोठा असला की आकडा बहुधा चांगलाच येतो, ही या पद्धतीची माहीत असलेली खोड आहे. मग मी मुद्दाम आपल्या तालुक्याचा खास रेणू घेतला : गॉसिपॉल.

गॉसिपॉल म्हणजे सरकीतला पिवळा रंग. खामगावची कापूसबाजारपेठ केवढी जुनी! १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो रेल्वेच्या फाट्याच्या उद्घाटनाला इथे आला, तो कापसासाठीच. पऱ्हाटीच्या पानावर आणि सरकीच्या गरात बारीक काळे ठिपके दिसतात, त्या ग्रंथींमध्ये हा रंग असतो. किडीने आपल्याला खाऊ नये म्हणून झाड तो बनवतं. आपण ढेप गाई-म्हशींना घालतो. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात तो बऱ्यापैकी निष्प्रभ होतो, कोंबड्यांना आणि डुकरांना मात्र बाधतो. सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खात नाहीत, तेही याच्याचमुळे.

आता गंमत बघा. प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात, हे गॉसिपॉल एचआयव्ही आणि हर्पिस या विषाणूंना निष्प्रभ करतं, असं १९८० च्या दशकातच दिसलं होतं. माझ्या लॅपटॉपवरही त्याने हळदीच्या तोडीचा आकडा मिळवला. मग ते औषध का झालं नाही? कारण चीनमध्ये १९७० च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते संततिनियमनासाठी देऊन पाहिलं होतं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं, आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. जे विषाणूला मारतं ते माणसाच्या पेशीलाही इजा करू शकतं. काचेच्या भांड्यात माणूस नसतो, म्हणून ते तिथे कळत नाही.

हळद अर्थात विषारी नाही. तिची अडचण उलटी आहे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि जे जातं तेही शरीर लगेच बाहेर टाकतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की मिरीतलं पिपरीन सोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट होतं. आजीच्या काढ्यात मिरी असायची, ते उगाच नव्हे, असं म्हणायला मलाही आवडतं. पण जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती, हेही विचारायला हवं. शिवाय कर्क्युमिनची आणखी एक खोड आहे. ते चाचणीत ज्याला त्याला चिकटतं, स्वतःच चमकतं, पटकन विघटित होतं. त्यामुळे ते काम करतंय असा खोटा इशारा मिळतो. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली याचा सविस्तर आढावा घेऊन सगळ्यांना सावध केलं होतं.

महाराष्ट्रातच एका कोविड आरोग्य केंद्रात १४० रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ५२५ मिलिग्रॅम कर्क्युमिन पिपरीनसह दिवसातून दोनदा, निम्म्यांना ते नाही. कर्क्युमिनवाल्यांची लक्षणं लवकर उतरली, ऑक्सिजन चांगला टिकला. ही आशेची बातमी आहे, मी ती नाकारत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालूच होते, म्हणजे हळद दवाखान्याच्या जोडीला होती, बदल्यात नव्हती. आणि हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. हिशेब केला तर तेवढा डोस म्हणजे रोज पस्तीस ग्रॅम हळद, चहाचे दहा-बारा चमचे. एवढी हळद कोणत्याही काढ्यात नसते. आणि बाजारातल्या तीव्र गोळ्या घ्याल, तर त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आबांना दवाखान्यात जे औषध मिळालं, ते डेक्सामेथासोन. जुनं आणि स्वस्त. ते उपयोगी आहे हे कळलं कसं? ब्रिटनमध्ये २,१०४ रुग्णांना ते दिलं, ४,३२१ जणांना दिलं नाही, आणि मग मोजलं. ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. त्याच अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ज्याचा केवढा गाजावाजा होता, निरुपयोगी ठरलं. ते ४,३२१ जण म्हणजेच सरांची साध्या पाण्यातली पट्टी.

मग वनस्पतींच्या रंगांत काहीच नाही का? आहे, शोधायला हवं. याच कुळातली, पण रंगहीन अशी हिरव्या चहातली कॅटेचिनं २००६ साली अमेरिकेत मलम म्हणून मंजूर झाली, विषाणूमुळे गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळींसाठी. चाचण्या होऊन. पोटात घ्यायची नाहीत, जिथे विषाणू आहे तिथेच लावायची. वाट अशी लांबची असते, पण असते. आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द करवलं, तेही अभिमानाच्या घोषणा देऊन नव्हे. बत्तीस छापील पुरावे समोर ठेवले होते. हळदीवरचं प्रेम असं दाखवायचं असतं.

माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रुपवर औषधाचा मजकूर टाकण्याआधी एवढंच विचारा : दुसरी पट्टी कुठे आहे? ज्यांनी हे घेतलं नाही त्यांचं काय झालं? उत्तर नसेल, तर पाठवू नका. पाठवणारी तुमची इंजिनिअर मैत्रीण असली तरी नको. तिचा मजकूर तर अधिक तपासा, कारण तिच्यावर तुमचा विश्वास आहे. त्या वेळी मी ग्रुपवर चूक कबूल केली नव्हती, नुसतं चित्र काढून टाकलं होतं. आज तुमच्या सगळ्यांसमोर कबूल करते.

आबा अजूनही रोज रात्री हळदीचं दूध पितात. मी अडवत नाही, गावी आले की मीच करून देते. पण आता पलंगाजवळ ऑक्सिमीटर असतो. आकडा ९४ च्या खाली गेला तर काय करायचं, ते त्यांनी आईकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलंय : "आधी दवाखाना, मग दूध."

सर, पट्टी पिवळीच राहिली होती. मला आठवतंय.