विहाराला रात्री कुलूप कशाला?



विहार म्हणजे राहण्याची जागा. भिक्खूसंघ पावसाळ्यात तिथंच वर्षावास करी. आज आपण रात्री कुलूप घालतो आणि बाहेर फुटपाथवर माणूस भिजतो! १९८५ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात पोट भरणे हा जगण्याचाच हक्क मानला, पण पावसाळ्यानंतर त्यांना हटवायची मुभाही दिली. २०१० मध्ये लाख वस्तीमागे एक निवारा सांगितला. वाट कुठवर बघायची?

आम्हा गिरणीवाल्यांच्या खोलीत पथारी पाळीपाळीने पडे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा येऊन निजे. तोच हिशेब लावा. पालिकेच्या शाळाही रात्री रिकाम्याच की! चार महिने आपला हॉल दहा ते सहा उघडा ठेवू. संडासला मात्र कुलूप नको, नाहीतर निवारा कसला? जात, कागद विचारायचे नाहीत. कमिटीने आजच ठराव घ्यावा.