सेंद्रिय आणि निरिंद्रिय



आजचा विषय रसायनशास्त्राचा असला, तरी त्याची सामग्री आपल्या स्वयंपाकघरातच आहे. एका जुन्या पळीत चिमूटभर साखर आणि दुसरीत चिमूटभर मीठ घेऊन दोन्ही विस्तवावर धरा. साखर वितळेल, तांबूस होईल आणि शेवटी काळा कोळसा मागे राहील. मीठ फार तर तडतडेल, पण पांढरेच राहील. साखरेत कार्बन आहे, मिठात नाही. साखर सेंद्रिय, मीठ निरिंद्रिय. तेल, तूप, कापूस, लाकूड ही साखरेच्या गोत्रातली. तुरटी, चुना, गंज ही मिठाच्या.

मग कार्बनच्या या भेदाला ‘सेंद्रिय’ हे नाव का पडले? सेंद्रिय म्हणजे इंद्रिये असलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचा थोर रसायनज्ञ बर्झेलियस आणि त्याचे समकालीन असे मानीत, की वनस्पती व प्राणी यांच्या शरीरातील पदार्थ घडवायला एक खास जीवनशक्ती लागते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात ते होणे नाही.

१८२८ साली बर्लिनमध्ये व्होलर या तरुण शास्त्रज्ञाने चांदीचे सायनेट आणि आपला नेहमीचा नवसागर एकत्र आणला. त्याला हवे होते अमोनियम सायनेट. हाती आले युरियाचे पांढरे स्फटिक. युरिया म्हणजे मूत्रातला पदार्थ! माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून आपण युरिया करू शकतो, असे त्याने बर्झेलियसला पत्राने कळविले. गंमत अशी, की अमोनियम सायनेट आणि युरिया यांतील अणू तेच आणि तितकेच असतात. फरक केवळ मांडणीचा.

जुनी समजूत एका दिवसात गेली नाही. परंतु १८४५ साली कोल्बे याने कार्बनपासून आरंभ करून, पायरीपायरीने, शिरक्यातले ॲसिटिक आम्ल तयार केले, आणि संशयाला जागा उरली नाही.

तरीही दोन शाखा राहिल्या, त्या कार्बनच्या स्वभावामुळे. त्याला चार हात आहेत, हे १८५८ साली केकुले याने दाखविले. त्या हातांनी कार्बनचे अणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात, कडी करतात. त्यामुळे त्याची संयुगे लक्षावधी झाली आणि त्यांना वेगळे दप्तर लागले. चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड यांत कार्बन असूनही रूढीने ती निरिंद्रियात मोडतात. उलट रक्तातील हिमोग्लोबिनात लोह आहे, पानांच्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम आहे. म्हणजे ही भिंत आपण सोयीसाठी घातलेली आहे.

हे सारे आज सांगण्याचे कारण बाजारात आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे निर्मळ आणि ‘रसायन’ म्हणजे विष, अशी समजूत बळावते आहे. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया बनतो. सेंद्रिय शेतीत तो वर्ज्य. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मात्र तो सेंद्रियच. शेतीतील ‘सेंद्रिय’ हे पद्धतीचे नाव आहे, पदार्थाचे नव्हे. गोठ्यातला युरिया आणि गोणीतला युरिया यांच्या रेणूत तिळमात्र भेद नाही. भेद आहे तो सोबत काय येते आणि किती येते यात. शेणखताने जमीन भुसभुशीत होते, ओल धरते. नुसत्या युरियाने ते होत नाही, आणि तो भरमसाट टाकला तर नुकसानच होते.

काजऱ्याच्या बीतले स्ट्रिक्नीन झाडानेच घडविलेले, अस्सल सेंद्रिय. पण ते प्राणघातक आहे. मीठ निरिंद्रिय, पण त्यावाचून शरीर चालत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात ‘सेंद्रिय’ ही अक्षरे दिसली, तर भुलू नका आणि हसूही नका. पदार्थ कोणता, आणि तो किती, एवढेच विचारा. इतकी विचारपूस आपण सुरू केलीत, तर आजच्या संध्याकाळचे चीज झाले असे मी समजेन.