लेकरू देवाच्या कामाला निघतं तेव्हा



आमच्या छावणीतल्या ख्रिस्ती घरांमध्ये एक बातमी आनंदाची म्हणून सांगतात, पण ती ऐकताना आईच्या पोटात गोळा येतो. ‘मुलगा मिशनच्या कामाला चालला.’ मग उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना होते, शेजारणी लाडू-चिवड्याचे डबे आणून देतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, देवाच्या कामाला चाललाय, रडता काय?’

हे बोलणं मला कधीच पटलं नाही. माझं लेकरूही असंच दूर आहे. व्हॉट्सॲपवरच्या दोन खुणा निळ्या होईपर्यंत जिवाला चैन नसतं.

अशी रडलेली एक आई आपल्या जवळचीच. जालन्याच्या पुढं घनसावंगी तालुक्यात जांब आहे. 1981 मध्ये जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं गाव. 1608 साली तिथं ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकताच तो लग्नातून निसटला आणि नाशिकजवळ टाकळीला जाऊन राहिला. हेच पुढचे समर्थ रामदास. इकडे त्याची आई राणूबाई, तिचे रडून रडून डोळे गेले. घर देवभक्तांचं होतं, पण रडली म्हणून त्या माऊलीचा देवावर विश्वास नव्हता असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. चोवीस वर्षांनी मुलगा दारात आला, त्यानं हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यापुढचं मोठं वाटतं. पहिल्यांदा तो न सांगता गेला होता, या वेळी त्यानं आईची परवानगी घेतली. आत्ता कुठं डोळे भरून पाहिलेल्या लेकराला ती पुन्हा ‘जा’ म्हणाली.

बायबलमधल्या हन्नेनंही नवसानं झालेला शमुवेल शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हाती सोपवला. तिचं स्तोत्र शास्त्रात चांगलं लांब आहे. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेई, एवढं मात्र एका ओळीत उरकलंय. मी त्याच ओळीवर अडते. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचं माप तिनं कसं धरलं असेल? त्याच्या वयाचं शेजारचं पोर समोर उभं करून? की बाह्या चार बोटं वाढवून, खाली दुमड घालून?

आणि देवावर भरवसा ठेवला की लेकरू सुखरूप परततं, असंही कुणी सांगू नये. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. चर्चनं 1862 मध्ये त्याला संत ठरवलं, पण ते ऐकायला आई थोडीच उरली होती!

देवाकडं हमी मागावीशी मलाही रोज वाटते. अलीकडं मी नुसतं लेकराचं नाव घेते आणि पुढं काही बोलत नाही. भीती तिथंच असते, पण झोप लागते.

जाता जाता एक सांगते. जांबला राणूबाईंजवळ थोरले चिरंजीव गंगाधरपंत होते. घर, देव, आंधळी आई, सगळं त्यांनीच सांभाळलं. मिशनला निघणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आपण प्रार्थना करतो, तेव्हा त्याचा भाऊ किंवा बहीण मागं खुर्च्या आवरत असते. पुढच्या खेपेला त्यांनाही पुढं बोलवा.