जवळच्यास हळू, दूरच्यास मोठ्यानें



चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. तापीकांठच्या केळीच्या बागेंत खणखणीत बोलणारा मोबाईल त्या डोंगराच्या आड गेला कीं पुष्कळदा मुका होतो. त्याच्या लहरींना डोंगर भेदतां येत नाहीं. शिवाय वापरावयास मिळणारा लहरींचा पट्टाहि मोजकाच.

तो पट्टा वांटण्याची जुनी रीत आपल्या पांझरेच्या फडांसारखी आहे. पाटकरी पाळीपाळीनें पाणी सोडतो. एकाच्या पाळींत दुसरा नाहीं. परंतु पाण्यांत पाणी मिसळलें कीं वेगळें होत नाहीं; संदेशांचें तसें नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस कव्हर यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, एकाच वेळीं, एकाच पट्ट्यावर दोघांचे संदेश एकमेकांवर चढवून पाठवितां येतात. मनोऱ्यानें दूरच्याचा संदेश अधिक शक्तीनें पाठवावा, जवळच्याचा कमी शक्तीनें. दूरच्याला मोठा आवाज कळतो. बारीक आवाज त्याच्या लेखीं केवळ खरखर. जवळचा मात्र आधीं तो मोठा संदेश उलगडतो, आलेल्या लहरींतून वजा करतो, आणि उरतें तें त्याचें स्वतःचें. पहिल्या उलगड्यांत चूक झाली तर पुढचें सारें बिघडतें, हें ओघानें आलेंच.

येथें एक मौज आहे. परक्याचा निरोप जवळच्याच्या हातीं आयताच पडला! मग त्यानेंच तो पुढें कां पोंचवूं नये? २०१५ सालीं डिंग, पेंग व पुअर यांनीं हीच सूचना मांडली. दूरच्याला मग एकाच संदेशाच्या दोन प्रती मिळतात. एक दुर्बळ ठरली तरी दुसरी असते. निरोप कुलूपबंद सांकेतिक भाषेंत असल्यास निरोप्याला अर्थ कळत नाहीं.

पण निरोप्याची बॅटरी खर्ची पडते, त्याचें काय? प्रबंधांत ही बाब एका चिन्हांत मावते. वीज तासन्‌तास नसलेल्या पाड्यावर मावत नाहीं. पांचव्या पिढीच्या मानकांसाठीं या सामायिक पद्धतीचा अभ्यास झाला, परंतु २०१८ च्या अखेरीस तो स्वीकाराविनाच संपला. तेव्हां ती उद्यांच येथें येईल असें मी म्हणत नाहीं. आली तर मात्र निरोप्याचें काम कोणा गरिबाच्या खिशांतील यंत्राकडे नको. डोंगराच्या धारेवर, सौर विजेवर चालणारें एक लहानसें ठाणें उभारावें. तेथून पायथ्याचा मनोराहि दिसतो आणि पलीकडचे पाडेहि.