शहरांतलें गांव आणि सरकारी थैली

दादरच्या चौपाटीवर संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींना दक्षिणेच्या बाजूस, पाण्यापलीकडे, जमिनीचें एक टोंक समुद्रांत शिरलेलें दिसतें. त्या टोंकावर इंग्रजांनीं १६७५ च्या सुमारास बांधलेला एक लहानसा किल्ला आहे. किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीनें उभीं असलेलीं घरें, गोलफादेवीचें देऊळ, वाळत घातलेली मासळी आणि काठाला लावलेल्या होड्या. हाच वरळीचा कोळीवाडा. त्याच्या समोरून २००९ सालीं खुला झालेला सागरी सेतु जातो आणि पाठीमागें गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या आहेत. या दोहोंच्या मध्यें हें गांव अजून गांवाच्याच रीतीनें राहत आहे. येथें पहाटेचा हिशेब घड्याळावर होत नाहीं, भरती-ओहोटीवर होतो.

सरकारच्या दप्तरांत हें गांव आहे कीं शहर आहे? प्रश्न शाब्दिक वाटेल, पण तसा तो नाहीं. कारण सरकारच्या थैल्या वेगवेगळ्या असतात, आणि प्रत्येक थैलीच्या तोंडाशीं नांव लिहिलेलें असतें. ज्याचें नांव कोणत्याच थैलीवर नीट बसत नाहीं त्याच्या हातीं काय येतें, हें पाहावयाचें असेल तर वरळीसारखें ठिकाण दुसरें नाहीं.

खेड्यांच्या उन्नतीसाठीं स्वतंत्र भारतांत जो पैसा खर्च झाला त्याचा आरंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सुरू झालेल्या समुदाय विकास योजनेपासून धरतात. गट पडले, ग्रामसेवक आले, विहिरी आणि रस्ते झाले. पुढें १९९३ सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींना घटनेंतच स्थान मिळालें. चौदाव्या वित्त आयोगानें तर २०१५ ते २०२० या पांच वर्षांकरितां देशांतील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटि रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. रकमेहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो पैसा कशावर खर्चावा याचा आराखडा ग्रामसभेंत ठरावयाचा होता. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचें चीज झालें असें कोणी म्हणणार नाहीं. तरीपण, आमच्या गांवाला काय हवें हें गांवानें बोलावें आणि त्या बोलण्याला कांहीं रकमेचा आधार असावा, ही व्यवस्था लहान नव्हे.

पालघरजवळच्या सातपाटीला ग्रामपंचायत आहे. वरळीच्या कोळीवाड्याला नाहीं. धंदा तोच, समुद्र तोच, नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ मिरवावयाची हौसही तीच. पण वरळी मुंबई महानगरपालिकेच्या जी दक्षिण विभागांत मोडते, त्यामुळें ग्रामविकासाच्या पैशांना तेथें वाट नाहीं. मग शहराचा पैसा तरी? महापालिकेचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटि रुपयांहून मोठा होता, म्हणजे थैली लहान म्हणतां येत नाहीं. अडचण निराळीच आहे. शहराच्या दप्तरांत रस्ते आहेत, गटारें आहेत, पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टीसुधार आहे. मासळी वाळविण्याच्या खळ्याला तेथें खातें नाहीं. जेथें पिढ्यान्पिढ्या जाळीं शिवलीं व बोंबील वाळविले ती जागा नकाशावर पाहणाऱ्याला मोकळा भूखंड वाटते, आणि एकमेकांना खेटून बांधलेलीं घरें त्याला झोपड्या वाटतात. म्हणून मुंबईंतील कोळीवाडे आपल्या सीमा आंखून द्या अशी मागणी वर्षानुवर्षें करीत आले आहेत. ज्या गांवाला शीव नाहीं त्याला निधि द्यावा तरी कोणत्या हद्दींत?

राहिली तिसरी थैली, ती मत्स्यव्यवसाय खात्याची. येथें मात्र कोळ्याचें नांव स्पष्ट आहे, आणि या थैलीची वाट सहकारी संस्थेंतून जाते. ही वाट जुनी आहे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला. त्यानंतर नऊ वर्षांनीं, १९१३ मध्यें, रत्नागिरी जिल्ह्यांतील कर्ला येथें मच्छीमारांची सहकारी संस्था निघाली, आणि देशांतील अशा संस्थांत ती पहिली मानली जाते. वरळीसही नाखवा मंडळींची संस्था आहे व दुसरी सर्वोदय नांवाची आहे. अशा संस्थेच्या कचेरींत गेल्यास भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आणि टेबलावर डिझेलचीं पुस्तकें दिसावयाचीं. कारण यंत्राच्या होडीचा जीव डिझेलांत. होडीवाला तें पूर्ण किमतीस घेतो आणि त्यावरील कराची रक्कम राज्य सरकार मागाहून परत करतें. हा परतावा थकल्याची तक्रार किनाऱ्यावरील संस्था वारंवार करीत आल्या आहेत. सरकार कोळ्याला मदत करतें हें खरें, पण परतावा येईपर्यंत कोळीच सरकारला बिनव्याजी उसनवार देत असतो, हेंही तितकेंच खरें आहे.

केंद्र सरकारनें २०२० सालीं प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना काढली. पांच वर्षांसाठीं २०,०५० कोटि रुपये असा तिचा आंकडा होता. पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागीं नवी होडी व जाळें घेण्यासाठीं पांच लक्ष रुपये खर्च धरलेला होता. त्यांत सर्वसाधारण अर्जदाराला शेंकडा ४० आणि स्त्रिया, अनुसूचित जाति व जमाति यांना शेंकडा ६० अनुदान. म्हणजे दोन लक्ष सरकारचे, तर तीन लक्ष कोळ्याचे. हे तीन लक्ष कोठून आणावयाचे? बँक तारण विचारते. कोळीवाड्यांतील घराचा कागद बहुधा असा असतो कीं, तो पाहून बँकेचा अधिकारी चष्मा काढून पुसतो. मग मासळीचा व्यापारी धांवून येतो. तो उचल देतो आणि त्या उचलीपोटीं हंगामभराची मासळी त्याच्याच भावानें त्याला घालावी लागते. अनुदानाचा लाभ होडीच्या नाळेवर चढतो आणि वरव्यावरून खालीं उतरतो, असा हा प्रकार आहे.

याच योजनेंत मासेमारीबंदीच्या काळासाठीं दारिद्र्यरेषेखालील मच्छीमाराला निर्वाहसाहाय्य होतें. राज्यांत १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. या साहाय्यांत मच्छीमारानें स्वतः १,५०० रुपये भरावयाचे, सरकारनें ३,००० घालावयाचे, आणि ते ४,५०० रुपये तीन महिन्यांत मिळून त्याला परत मिळावयाचे. महिना दीड हजार रुपये. मुंबईंत दीड हजारांत काय येतें, हें श्रोत्यांच्या घरांतील गृहिणींना सांगावयास नको.

एप्रिल २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा अशा सवलती शेतकऱ्याप्रमाणें मच्छीमारालाही मिळाव्या हा त्याचा हेतु. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शेतकऱ्याच्या नांवावर सात-बारा असतो. कोळ्याचें शेत समुद्रांत आहे आणि त्याचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाहीं. हा विनोद नव्हे. वरळीच्या अलीकडच्या इतिहासांतील सर्वांत मोठा तंटा याच एका गोष्टीवरून झाला.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यानें रस्ता बांधण्याचें काम महापालिकेनें हातीं घेतलें. त्याचा खर्च चौदा हजार कोटींच्या घरांत गेला. वरळीच्या नाखवा संस्थेनें इतरांसह न्यायालयांत दाद मागितली. जुलै २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें या रस्त्याला दिलेली किनारा-नियमनाची परवानगी रद्द केली, परंतु डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली आणि काम पुन्हां सुरू झालें. रस्ता होणार हें ठरल्यावर कोळ्यांचा हट्ट एका मापावर येऊन ठेपला. हा रस्ता सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरांतून होड्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच येत होते, आणि दोन खांबांतील अंतर ६० मीटर धरलेलें होतें. अधिकाऱ्यांच्या मतें तें पुरेसें होतें, कारण होडी कांहीं ६० मीटर रुंद नसते.

कागदावर हें बिनतोड दिसतें. पण होडी रस्त्यावरील मोटारीसारखी आंखलेल्या पट्ट्यांतून चालत नाहीं. वारा तिला एका अंगास लोटतो, ओढ दुसऱ्या अंगास खेंचते. खडकाळ किनाऱ्यावर, पहाटेच्या अंधारांत, एक होडी बाहेर पडत असतां दुसरी आंत येत असते, आणि लाट खांबावर आपटून उलटी फिरली म्हणजे तांडेलाच्या हातांतील सुकाणू केवळ नांवापुरतें राहतें. कोळ्यांनीं २०० मीटर अंतर मागितलें. त्यांनीं होड्या आडव्या घालून तेथील काम अडविलें. अखेर २०२२ सालच्या शेवटीं मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीं एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचें मान्य केलें. मागणीपेक्षां तें कमी होतें, पण पूर्वीच्या दुप्पट होतें.

जुन्या इतिहासाची आठवण येथें झाल्याखेरीज राहत नाहीं. अठराव्या शतकांत गव्हर्नर हॉर्नबी यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा खर्चास विरोध असतांही बांध घालून वरळी व महालक्ष्मी यांमधील खाडीचें तोंड बुजविलें, आणि आजची मुंबई एकसंध होण्यास आरंभ झाला. त्या वेळीं येथील कोळ्यांना कोणी विचारलें नव्हतें. अडीच शतकांनंतर विचारावें लागलें, हा फरक निश्चित आहे. मात्र तो न्यायालय, होड्यांची फळी आणि वर्षा-दोन वर्षांचा बुडालेला रोजगार यांच्या किमतीवर पडला आहे.

ही साठ मीटरांची वाढ कोणत्याही विकासयोजनेच्या यादींत सांपडणार नाहीं. ती बांधकामाच्या खर्चांत गेली. तथापि वरळीच्या मासेमारीवर गेल्या अनेक वर्षांत झालेला हा कदाचित् सर्वांत उपयोगी सरकारी खर्च असेल. होडीला अनुदान देऊन तिची वाट अडविण्यापेक्षां होडी जुनी राहिली तरी वाट मोकळी असणें बरें. नुकसानभरपाईचा हिशेब टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपविण्यांत आला, तेव्हांही हीच अडचण पुढें आली. होड्या मोजतां येतात, परवाने मोजतां येतात. ओहोटीला खडकांवरून कालवें काढणारी बाई, किनाऱ्याजवळ हातानें शेवंड धरणारा म्हातारा, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार जाणारी विधवा, यांच्यापाशीं परवाना कसला? मासळी समुद्रांतून पुरुष आणतो हें खरें, पण तिचे पैसे करते ती बाई. तिचा बाजारांतील ओटा महापालिकेच्या ताब्यांत, तिच्या नवऱ्याची होडी मत्स्यखात्याच्या दप्तरांत, आणि तिचें घर तिसऱ्याच कचेरींत.

यावर एक उपाय करून पाहण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीला मिळतो तसा, रकमेनें लहान कां असेना, पण कोणत्याही एका कामाला न बांधलेला असा वार्षिक निधि शहरांतील कोळीवाड्यांना त्यांच्या सहकारी संस्थांमार्फत द्यावा. त्याचा विनियोग ठरविणाऱ्या सभेंत होडीचे मालक, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बाया सारख्याच हक्कानें बसाव्या. अशा सभेंत भांडणें होणार हें उघड आहे. संस्थांच्या कारभाराबद्दल कुरकुर कोळीवाड्यांतही ऐकूं येते, म्हणून जमाखर्च दर तिमाहीस चावडीवर लावण्याची अट असावी. वरळीला असा पैसा मिळालाच, तर त्यांतील पहिले कांहीं हजार रुपये बहुधा त्या दोन खांबांच्या दरम्यान, काळोखांत वाट दाखविण्यासाठीं दिव्यांचे बोये बसविण्यावर खर्च होतील. दुसरी रक्कम बर्फासाठीं लागेल. खळ्याला फरशी करावी कीं ती मातीचीच ठेवावी, यावर मात्र बायांचा आणि नाखव्यांचा वाद बरेच दिवस चालेल.